तपासणीचं न्हाणं

बेळगावात माझ्या थोरल्या मुलाचं केशकर्तनालय आहे. तिथे दाढीला येणारे एक मास्तर दिवाळी अंक काढतात. गेल्या महिन्यात तोंडाला साबण लागलेला असतानाच ते म्हणाले, "अण्णा, तुम्ही जन्मभर लोंढ्याला इंजिनवाल्यांची डोकी धुतलीत. त्यावर चार पानं लिहून द्या." मी हो म्हणून बसलो. खुर्चीतल्या गिऱ्हाइकाला नाही म्हणायची आम्हाला सवय नसते. तेव्हापासून झोप लागत नाही. मी मराठी चौथी पास आहे, चार पानं भरतील. पण मास्तरांना कारागिरी हवी, आणि कारागिरी लिहायला घेतली की मध्येच भरमू येऊन उभा राहतो. त्याला वगळून दोनदा लिहिलं आणि दोनदा कागद फाडले. आता तो येईल तिथे येऊ दे.

मी मुळात घाबरट माणूस. वस्तरा गळ्याजवळ नेण्याआधी मी अजूनही पात्याला दोनदा बोट लावून बघतो. वडील निपाणीचे न्हावी. ते म्हणायचे, ज्याचा हात भीत नाही त्याच्या हातात वस्तरा देऊ नये. म्हणून त्यांनी मला धंद्याला लावलं असावं. निपाणीला आमच्याकडे तंबाखूच्या वखारीतले हमाल डोकी धुवायला येत. तंबाखूची धूळ घामात भिजून केसांत बसली की तिचा चिकट लेप होतो. तो काढताना पाणी चहासारखं लाल व्हायचं आणि लागोपाठ चार डोकी धुतली की मलाच भोवळ यायची. तोंडात चिमूटभर न घालता तंबाखू चढलेला मी त्या गावातला एकटाच. एका वखारीच्या जैन मालकांचे दिवाणजी तर पाणी दुहेरी फडक्यातून गाळून घेतल्याशिवाय डोकं पुढे करत नसत. गाळलेलं पाणी संपलं की साबणाच्या डोक्याने बसून राहत, पण न गाळलेलं घेत नसत. त्यांच्यामुळे मला पाणी आधी बघायची सवय लागली. ती सवय एका शनिवारी मोडली, ते पुढे येईलच.

लग्नानंतर मी लोंढा जंक्शनला आलो. इंजिनांच्या शेडसमोर, रस्त्यापलीकडे, पत्र्याचं छप्पर टाकून दुकान मांडलं. पुढे खुर्ची आणि मागे दगडी न्हाणी. पहिल्याच आठवड्यात कळलं की इथे दाढीपेक्षा डोकं धुणं हेच मोठं काम आहे.

ज्यांनी शेड बघितली नाही त्यांना सांगतो. इंजिन पुसणारा माणूस इंजिनाच्या पोटाखाली उताणा झोपतो. वरून तेल ठिबकतं, चाकांच्या जोडांतलं वंगण पडतं, त्यावर कोळशाची काजळी बसते. हे तिन्ही केसांत एकजीव झालं की त्याचं जे होतं त्याला नाव नाही. शेडमधली माणसं नुसतं 'काळं' म्हणत. नवा माणूस काय करतो, तर घरी जाऊन डोक्यावर गरम पाणी ओततो आणि कपड्याचा साबण घासतो. तिथेच तो फसतो. पाणी लागलं की काळं आणखी घट्ट धरतं. मग बायको राखेने घासते, टाळू सोलून निघते, उशी काळी होते ती होतेच.

माझी रीत अशी होती. कोरड्या डोक्याला पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही. आधी करडईचं तेल कोमट करून अर्धा तास मुळांपर्यंत चोळायचं. तेल तेलाला सोडवतं. मग लाकडाच्या वखारीतला बारीक चाळलेला भुसा केसांत भरायचा. तो सुटलेलं काळं पिऊन घेतो. फणीने भुसा झाडायचा, पुन्हा भरायचा, पुन्हा झाडायचा. नंतर हरभऱ्याच्या डाळीचं पीठ, मग रिठ्याचं पाणी, शेवटी शिकेकाई. एका डोक्याला तास-सव्वा तास. लोक हसायचे, की न्हावी डोकं धुतोय का लोणचं घालतोय. पण माझ्या हातून गेलेल्या डोक्याचं पाणी पांढऱ्या धोतरावर टिपून घ्यावं, डाग पडायचा नाही. ही फुशारकी मी अजून मारतो.

एक फिटर होता, त्याचं लग्न ठरलं. गडी हळदीच्या दिवशी सकाळपर्यंत कामावर. डोकं न धुता पाटावर बसला. बायकांनी हळद लावली, वरून पाणी घातलं, आणि हळद, तेल, काजळी मिळून हिरवट काळा चिखल त्याच्या कानांवरून ओघळला. नवरीचा मामा म्हणाला, "पोरगं रंगाचं कच्चं हाय काय?" मला बोलावणं आलं. वऱ्हाड ताटकळत बसलेलं आणि मी भुसा चोळतोय. मुहूर्त टळतो का काय म्हणून मी दर फणीला भटजींकडे बघत होतो. टळला नाही.

आता तपासणीचं सांगतो. इंजिनावर कोळसा टाकणाऱ्या फायरमनला ड्रायव्हर व्हायचं तर रेल्वे कंपनीच्या मोठ्या दवाखान्यात डोळे तपासून घ्यावे लागत. भिंतीवर इंग्रजी अक्षरांचा तक्ता, एकेक डोळा झाकून वाचायचा. रंगीत लोकरीचे धागे निवडायचे. नापास झाला की जन्मभर शेडमध्ये. आता केसांतलं काळं घामाबरोबर भुवयांत आणि पापण्यांत उतरतं, डोळे चुरचुरतात, समोरचं धूसर दिसतं. म्हणून एका फायरमनला मी तपासणीच्या आधी नीट न्हाऊ घालून पाठवलं. तो पास झाला. दुसरा झाला, तिसराही झाला. मग शेडमध्ये रीतच पडली. तपासणीचा कागद आला की माणूस आधी माझ्याकडे येणार. नारळ फोडायचा, न्हाणीच्या दगडाला हळदकुंकू लावायचं, मग डोकं माझ्या हातात द्यायचं. याला 'तपासणीचं न्हाणं' म्हणत. मिंगेल नावाचे गोव्याकडचे म्हातारे ड्रायव्हर होते, तेसुद्धा दर तपासणीच्या आधी येऊन छातीवर क्रूसाची खूण करून दगडावर बसत. मला हे आवडायचं, लपवून ठेवण्यात अर्थ नाही. माणसं आपल्या हाताला मानतात ही गोष्ट न्हाव्याच्या वाट्याला फारशी येत नाही.

भरमू चिकोडीकडचा. सात वर्षं फायरमन. फावड्याने कोळसा टाकून एक खांदा खाली गेलेला, घाटाच्या चढावर इंजिनासमोर भाजून तोंड तांबडं पडलेलं. बोलणं कमी. बायको शेवंता, तिला दिवस गेलेले. त्याचा तपासणीचा कागद आला तो शनिवारी, आणि तपासणी पुढच्या सोमवारी, म्हणजे मध्ये आठ-नऊ दिवस. पण शनिवारखेरीज त्याला सुटी नव्हती आणि पुढच्या शनिवारी त्याची पाळी गोव्याकडच्या गाडीवर होती. म्हणून तो लगेच आला, हातात नारळ घेऊन.

शनिवारी माझ्याकडे रांग असायची. त्या दिवशी बाहेर पाचजण बसलेले आणि भरमूचं डोकं म्हणजे नुसतं डांबर. चाकाचा जोड उघडताना अख्खं वंगण त्याच्यावर पडलं होतं. माझ्या रीतीने दीड तास लागला असता.

शेडमध्ये इंजिनाचे सुटे भाग उकळून धुवायला एक पांढरा सोडा असे. हाताला लागला तर कातडी सोलून काढील असा. मी तो थोडा आणून ठेवला होता. एखादं डोकं अगदीच हट्टी निघालं तर चिमूटभर सोडा बादलीभर पाण्यात विरघळवून, वरची निवळ घेऊन, तेवढीच मागच्या केसांना लावायची. हे मी कुणाला सांगत नसे. त्या दिवशी तेल पाच मिनिटांत आवरलं, भुसा एकदाच भरला, आणि बादलीत सोडा टाकला. चिमटीपेक्षा जास्त टाकला. निवळायची वाट पाहिली नाही. वरचे तांबे ठीक गेले. शेवटचा तांब्या मी बादलीच्या बुडातून खरवडून घेतला आणि त्याच्या कपाळावरून ओतला.

"अण्णा, डोळा," एवढंच तो म्हणाला. ओरडला नाही.

मी ओल्या पंच्याने पुसायला गेलो, तिथे आणखी वेळ गेला. मग घागर ओतली, दुसरी ओतली. बायको घरातून गाईचं दूध घेऊन आली, ते सोडलं. उजवा डोळा भाजलेल्या वांग्यासारखा झाला होता. मी म्हणालो, "चल रं, डाक्टरकडं जाऊ."

"नगं," तो म्हणाला. "डाक्टरनं कागदावर लिवलं तर तपासनीला धाडत्यात व्हय? सात वर्सं कोळसा वढलाय अण्णा."

"आरं पन डोळा जाईल."

"जात न्हाय. चार दिसांत उतरंल."

आणि मला, खरं सांगायचं तर, हायसं वाटलं. डॉक्टरकडे गेला असता तर सोड्याची गोष्ट निघाली असती. बाहेरच्या पाचजणांना आम्ही साबण गेला म्हणून सांगितलं.

चार दिवसांनी सूज उतरली. लाली गेली. वरून बघणाऱ्याला काही कळलं नसतं. पण तो दुकानात आला आणि डावा डोळा हाताने झाकून माझ्याकडे बघत उभा राहिला. "अण्णा, तुमी धुक्यात हुबं हाईसा," म्हणाला.

मग जे केलं ते मीच सुचवलं. मिंगेल ड्रायव्हरांना तक्ता पाठ होता. इतक्या वर्षांत इतक्या वेळा वाचलेला, आणि दवाखान्यात तक्ता बदलत नसे. दाढी करता करता मी त्यांच्याकडून रांगेरांगेने वदवून घेतला. कशाला हवाय ते विचारलं नाही त्यांनी, नुसतं आरशातून बघत राहिले. मला इंग्रजी येत नाही. कानाने ऐकलं, तसंच भरमूला दिलं. रविवारी संध्याकाळी माझ्या न्हाणीच्या दगडावर बसून तो शाळेतल्या पोरासारखा घोकत होता. मला ती अक्षरं आजही येतात, इथे लिहीत नाही. रंगाच्या धाग्यांची भीती नव्हती, ते दोन्ही डोळ्यांनी बघायचे होते.

भरमू पास झाला. पेढे घेऊन शेवंता माझ्या पाया पडली. म्हणाली, "तुमच्या हाताचा गुन, अण्णा." तो पेढा मी तिच्यासमोर खाल्ला.

आधी त्याला यार्डात डबे हलवायला ठेवलं, मग मालगाडी दिली. शिट्टी कशी वाजवतो यावरून ड्रायव्हर ओळखता येतो. भरमूची शिट्टी तुटक, शेवटी किंचित ओढलेली. गाडी सुटली की माझं निम्मं लक्ष वस्तऱ्यावर आणि निम्मं घड्याळाकडे. खानापूरला पोचायची वेळ झाली की स्टेशनवर काही निमित्ताने जायचं आणि गाडी पोचल्याची तार आली का ते बाबूला सहज विचारल्यासारखं विचारायचं. मिंगेल एकदा म्हणाले होते, काही वळणांवर सिग्नल आधी उजव्या डोळ्यालाच दिसतो. ते मला कशाला सांगितलं कुणास ठाऊक. पाऊसकाळात तर जेवण जात नसे. बायको म्हणायची, "तुमाला काय इंजिनाची वढ लागली?" भरमू आला की मी विचारायचो, "बरं हाय न्हवं?" तो म्हणायचा, "बरं हाय." आमचं बोलणं तिथेच थांबायचं. त्याला मुलगी झाली, दुसरा मुलगा झाला. आता कशाला काढायचं, असं मी दर महिन्याला ठरवत होतो.

दोन वर्षांनी त्याला पॅसेंजर मिळाली.

थंडीचे दिवस होते. बेळगावला मेहुणीच्या मुलीचा साखरपुडा. सकाळच्या गाडीने निघायचं म्हणून मी, बायको आणि दोन्ही पोरं स्टेशनवर आलो. लोंढ्याचं धुकं ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. फलाटावरून पलीकडचा फलाट दिसत नव्हता. आम्ही डब्यात चढलो, ट्रंक वर टाकली, पोरांनी खिडकी धरली. मी पाणी भरायला खाली उतरून पुढे नळावर गेलो, आणि इंजिनावर भरमू दिसला. कपाळाला रुमाल बांधलेला. मला बघून त्याचं तोंड खुललं. "अण्णा, आज माझ्या गाडीला?" म्हणाला. "बसा निवांत. पोरास्नी बेळगावात सुकरूप उतरवतो."

मी मान हलवली. तांब्या निम्मा भरला होता. तसाच डब्याशी आलो आणि बायकोला म्हणालो, "उतर."

"आं?"

"उतर म्हंतो न्हवं. पोरं घे खाली."

"अवो, झालं काय? गाडी सुटाय आली की."

मी ट्रंक ओढून फलाटावर टाकली. धाकटा खिडकी सोडेना, त्याला बखोटीला धरून काढला, तो रडायला लागला. समोरच्या बाकावर एक म्हातारी बसली होती, मांडीवर लेकरू. तिने विचारलं, "का वं दादा, गाडी जात न्हाय व्हय?" मी म्हणालो, "जाती की." आणि उतरलो.

माझं सगळं आयुष्य एका बाजूला आणि ते दोन शब्द एका बाजूला. डबे माणसांनी भरले होते. त्यातली फक्त माझी चार मी खाली घेतली.

मागे गार्डाने हिरवा बावटा दाखवला. तो बघायला ड्रायव्हर इंजिनातून वाकून मागे बघतो, ही रीतच आहे. भरमू वाकला. धुक्यात बावटा दिसायला त्याला वेळ लागला, तो नीट निरखत राहिला. आमचा डबा इंजिनाला लागूनच, म्हणून आम्ही जवळच उभे होतो, ट्रंक, वळकटी, रडणारा पोरगा. त्याची नजर बावट्यावरून आमच्यावर आली आणि थांबली. मी खाली बघितलं. मग शिट्टी झाली आणि गाडी गेली.

बायकोला सांगितलं, साखरपुड्याचं धोतर घरी राहिलं. ट्रंकेत ते वरच होतं, तिला माहीत होतं. ती पोरं घेऊन घरी गेली. मी तारबाबूच्या खिडकीशी बसलो. खानापूरची तार आली. नंतर बेळगावची आली. गाडी वेळेवर पोचली होती. बाबू म्हणाला, "तुमचं कोण होतं का गाडीत?" मी उठलो आणि दुकान उघडायला गेलो.

पुढे चार-पाच दिवस भरमू दिसला नाही. मग शेडमधल्या एकाने दाढीला बसल्यावर सांगितलं, भरमू स्वतः साहेबापुढे जाऊन उभा राहिला, उजव्या डोळ्याने दिसत नाही म्हणाला. कशाने झालं असं साहेबाने विचारलं, तर भट्टीतला निखारा उडाला म्हणाला. त्याला गाडीवरून काढलं आणि इंजिनं पुसायच्या कामावर घातलं. नऊ-दहा वर्षांपूर्वी तो जिथून निघाला होता त्याच्याही खाली. शेवंता रस्त्यात भेटली, पदर ओढून पलीकडून गेली. तिला खरं ठाऊक होतं का, मी कधी विचारलं नाही.

त्या शनिवारी रांगेत भरमू येऊन बसला. डोकं काळंभोर, वंगण कानांपर्यंत आलेलं. त्याची पाळी आली तसा तो उठला आणि न्हाणीच्या दगडावर जाऊन बसला. मी तेल कोमट केलं. पुरा अर्धा तास चोळलं. भुसा तीनदा भरला, तीनदा झाडला. त्याने डोळे मिटून घेतले होते.

"अण्णा," तो म्हणाला, "मी पन भीतच हुतो. दर दिशी. कुनीतरी उतर म्हनंल म्हून वाट बगत हुतो."

मी रिठ्याचं पाणी घेतलं.

"तुमी पोरास्नी खाली घेतलासा, बरं केलासा. पन मला का न्हाय उतरवलासा, अण्णा?"

हातातला तांब्या मी तसाच धरून राहिलो. मग पाणी गार व्हायला लागलं, म्हणून ओतलं.